हँडगार्ड बसवताना आधी लिव्हर, मग गार्ड

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी हीरो एक्सपल्स २०० फोर-व्ही. कंपनीचे प्लास्टिकचे नकल गार्ड काढून अॅल्युमिनियमच्या पट्टीचे, दोन्ही टोकांना बांधले जाणारे हँडगार्ड बसवले. त्यानंतर तीन तक्रारी सुरू झाल्या. क्लच लिव्हर सोडली की पट्टीला टेकते. थ्रॉटल सोडला की सावकाश परततो, कधी मध्येच अडकतो. डावीकडचे गार्ड पिळून पिळून घट्ट केले तरी हाताने फिरते. म्हणजे गार्डच चुकीचे आले का? आणि जोडीला एक उपप्रश्न: यापेक्षा फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी पट्टीचे गार्ड करून घेतले तर काय वाईट?

पहिली गोष्ट, थ्रॉटल अडकतोय तोवर गाडी बाहेर काढू नका. दुकानापर्यंतसुद्धा नाही. दुसरी, गार्ड परत करायची घाई करू नका. या तीनही तक्रारी बहुतेक वेळा गार्डच्या नसतात, बसवण्याच्या क्रमाच्या असतात. गार्ड जिथे सहज बसेल तिथे आधी बसवले जाते आणि मग लिव्हर, केबल, ग्रिप यांना उरलेल्या जागेत कोंबले जाते. क्रम उलटा हवा. आधी लिव्हर तुमच्या हाताप्रमाणे लावायच्या, मग लिव्हर आणि केबल यांना वाट देऊन गार्ड. त्यामुळे सगळे बोल्ट ढिले करा, गार्ड उतरवा आणि पहिल्यापासून सुरुवात करा. दोन तासांचे काम आहे.

आधी दोन प्रकारच्या गार्डमधला फरक स्पष्ट हवा, कारण अपेक्षा त्यावर ठरते. प्लास्टिकचे नकल गार्ड वारा, पाऊस, कारवीच्या फांद्या, करवंदाच्या जाळ्या आणि पुढच्या ट्रकने उडवलेली खडी अडवते. गाडी आडवी पडली की ते दुमडते आणि लिव्हर जमिनीवर आपटते. पट्टीचे गार्ड आतल्या बाजूने हँडलला आणि बाहेरच्या बाजूने हँडलच्या टोकाला, असे दोन ठिकाणी बांधलेले असते, म्हणून पडल्यावरचा मार ते हँडलकडे नेते. लिव्हर वाचते, ब्रेकचे फ्लुइड दाबणारा मास्टर सिलिंडर वाचतो, पण जोरात पडल्यावर हँडल वाकू शकते. हे गार्डचे अपयश नाही, ते असेच काम करते. रोज ऑफिस, रविवारी डांबरी घाट आणि पावसाळ्यात एखादा कच्चा रस्ता एवढाच वापर असेल तर प्लास्टिकचे पुरते. वेल्हे-तोरण्याच्या बाजूला दगडी वाटेवर गाडी घालणार असाल, तर पट्टीच हवी.

मापे

व्हर्नियर कॅलिपर जवळ नसेल तर कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. हँडलचा ग्रिपकडचा बाहेरचा व्यास जवळपास सगळ्या गाड्यांना २२.२ मिमी, म्हणजे ७/८ इंच असतो. मध्यभागी मात्र दोन प्रकार आहेत: साधे हँडल तिथेही २२.२ राहते, आणि टेपर हँडल मध्यभागी २८.६ मिमी होते. आतला क्लॅम्प टेपरच्या उतारावर येत असेल तर त्या मापाचा वेगळा क्लॅम्प लागतो. साध्या हँडलचा क्लॅम्प तिथे कितीही पिळला तरी एका कडेवरच धरतो आणि सरकतो.

टोकाचे आतले माप त्याहून महत्त्वाचे. लोखंडी हँडलची भिंत पातळ असते, म्हणून आतला व्यास साधारण १७ ते १८ मिमी निघतो. अॅल्युमिनियमच्या हँडलची भिंत जाड, आतला व्यास १४ मिमीच्या आसपास. बाजारातले एक्सपँडर, म्हणजे हँडलच्या टोकात घालून फुगवायचे तुकडे, याच दोन मापांचे येतात. चौदाचा एक्सपँडर अठराच्या भोकात घातला तर तो फुगून फुगून किती फुगणार? तुमचे डावे गार्ड फिरते त्यामागे हे एक कारण असू शकते, म्हणून आधी हेच मोजा.

टोकाच्या आत तीनपैकी एक गोष्ट सापडेल. नुसती पोकळ नळी, म्हणजे एक्सपँडर लागणार. आत वेल्ड केलेला आट्यांचा तुकडा, म्हणजे एक्सपँडर नको, योग्य लांबीचा एम६ किंवा एम८ (६ किंवा ८ मिमी व्यासाचा) बोल्ट थेट बसतो. किंवा रबराच्या कड्यांमध्ये धरलेले आतले वजन, ज्यात बार-एंडचा स्क्रू जातो. या तिसऱ्या प्रकारात त्या वजनाच्या आट्यांवर गार्ड टांगू नका. रबरामुळे ते वजन हलते, ते हलावे म्हणूनच तसे बसवलेले असते, आणि त्यावर बांधलेले गार्ड कधीच स्थिर राहत नाही. वजन काढावे लागते. ते काढल्यावर हाताला थरथर वाढेल, त्याबद्दल पुढे.

लिव्हर

गाडीवर बसा, मग फुटपेगवर उभे राहा. दोन्ही स्थितींत मनगट फारसे न वाकवता बोटे लिव्हरवर पडली पाहिजेत. कच्च्या रस्त्यावर उभे राहणे जास्त, म्हणून निवड करायची वेळ आली तर उभ्या स्थितीला झुकते माप द्या. म्हणजे लिव्हर कंपनीच्या जागेपेक्षा थोड्या खाली फिरतील.

आता लिव्हर आतल्या बाजूला सरकवा. तुमची लिव्हर गार्डला टेकते त्यावर बहुतेक वेळा हेच औषध आहे. कंपनीची लिव्हर चार बोटांसाठी लांब केलेली असते आणि तिच्या टोकाचा गोळा नेमका पट्टीच्या वळणापाशी येतो. क्लचचा धारक, म्हणजे लिव्हरला हँडलवर धरणारा भाग, १० ते १५ मिमी आत घेतला की टोक वळणापासून सुटते. शिवाय दोन बोटे लिव्हरच्या टोकाकडे पडतात, त्यामुळे क्लच हलका लागतो. अडचण एकच: बऱ्याच गाड्यांच्या स्विचच्या डबीला आतून एक छोटी खुंटी असते, ती हँडलमधल्या भोकात बसते. डबी सरकत नाही म्हणून धारकही सरकत नाही. अशा वेळी धारक आणि डबी यांची जागा अदलाबदल करता येते का ते पाहा. नसेल तर खुंटी कानशीने घासून डबी सरकवतात, पण मग ती डबी स्क्रूच्या घट्टपणावरच राहते हे लक्षात ठेवा. हँडलला नवे भोक पाडू नका. पडल्यावर हँडल वाकते ते नेमके भोकापाशी.

क्लचचा धारक फिरेल इतपतच घट्ट ठेवावा. हँडलवर प्लंबरच्या टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे देऊन त्यावर धारक बसवला, की लिव्हर दाबताना तो हलत नाही, पण पडल्यावर तुटण्याऐवजी फिरतो. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरला हे लाड करू नका. तो कंपनीने दिलेल्या टॉर्कलाच (पिळण्याच्या जोराच्या मापालाच) बसवा. त्याच्या क्लॅम्पवर बाण किंवा वर दाखवणारी खूण असेल तर ती बाजू वर, आधी वरचा बोल्ट घट्ट, मग खालचा. फट खालच्या बाजूलाच राहते.

आतला क्लॅम्प

याला हँडलचा सरळ भाग २५ ते ३० मिमी तरी हवा. स्विचची डबी आणि हँडलचे वळण यांच्या मध्ये तो सापडतो. उजवीकडे ब्रेकचा होज मास्टर सिलिंडरमधून आत येऊन खाली जातो आणि डावीकडे क्लच केबल लिव्हरमधून निघून मोठे वळण घेते. क्लॅम्प नेमका या दोघांच्या वाटेत येतो. पट्टीचा आतला हात केबलच्या वरून न्यायचा की खालून, हे आधी ढिले ठेवून पाहा. केबलला तिच्या मूळ वळणापेक्षा कमी त्रिज्येत वळवू नका. क्लच दोन महिन्यांत जड होतो आणि केबल टोकापाशी तारा सोडू लागते.

होज आड येतो म्हणून होजला मास्टर सिलिंडरशी जोडणारा बँजो बोल्ट ढिला करून होज फिरवणारे मेकॅनिक भेटतात. तो बोल्ट उघडला तर दोन्ही वॉशर नवे टाकावे लागतात आणि ब्रेकमधली हवा काढावी लागते. त्यापेक्षा क्लॅम्प एक सेंटिमीटर इकडे-तिकडे करणे कधीही बरे.

क्लॅम्पचे दोन अर्धे घट्ट झाल्यावर दोन्ही बाजूंना सारखी फट दिसली पाहिजे. एका बाजूला चिकटले आणि दुसऱ्या बाजूला तीन मिमी, असे झाले तर तो फिरणारच. बोल्ट आलटून-पालटून पाव-पाव फेरा पिळा. दोन्ही अर्धे एकमेकांना टेकले तरी क्लॅम्प हलतो, म्हणजे माप मोठे आहे. यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची पद्धत सगळीकडे दिसते. मला ती मान्य नाही. रबर दबते, उन्हात आणखी दबते, आणि पंधरा दिवसांत गार्ड परत सैल. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून एक-दोन वेढे द्या, तो पातळ असतो आणि दबत नाही. त्यानेही भागले नाही तर बरोबर मापाचा क्लॅम्प आणा.

टोक

सगळी कटकट इथे असते, म्हणून इथे वेळ द्या.

एक्सपँडरचे तत्त्व भिंतीतल्या अँकर फास्टनरसारखेच. चिरलेली नळी, तिच्या मागे शंकू, बोल्ट पिळला की शंकू नळीत ओढला जातो आणि नळी फुगून हँडलच्या आतल्या भिंतीला धरते. धरते ते निव्वळ घर्षणाने. आतल्या भिंतीवर रंगाचा थर, गंज किंवा ग्रीस असेल तर घर्षण नाही. ८० किंवा १०० नंबरचा पॉलिश पेपर काठीला गुंडाळून टोकापासून ५० मिमी आतपर्यंत घासा, पेट्रोलच्या फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. तुमचे डावे गार्ड फिरते त्याचे दुसरे संभाव्य कारण हे.

तिसरे कारण बोल्टची लांबी. लिव्हरला जागा करण्यासाठी किंवा पट्टी बाहेर ढकलण्यासाठी मध्ये स्पेसर टाकला की बोल्ट तेवढाच आखूड पडतो आणि शंकूच्या चार-पाच आट्यांवरच लटकतो. पिळताना घट्ट झाल्यासारखे वाटते, कारण आटे ताणले जात असतात, आणि मग एकदम सैल होते. म्हणजे आटे गेले. नियम साधा आहे: बोल्टचा व्यास जेवढा, किमान तेवढी लांबी शंकूच्या आट्यांत गेली पाहिजे. एम८ ला ८ मिमी, त्याहून जास्त असेल तर उत्तमच. १० मिमीचा स्पेसर टाकलात तर बोल्ट १० मिमी लांब घ्या.

बोल्ट बदलताना डोक्यावर ८.८ (मजबुतीचा दर्जा) लिहिलेला घ्या. गंजत नाही म्हणून स्टेनलेसचा घेतला जातो, पण हार्डवेअरच्या दुकानातला साधा स्टेनलेस ८.८ पेक्षा मऊ असतो आणि आट्यांत अडकण्याची त्याला खोड आहे. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल, तर लोखंडी हँडल आणि अॅल्युमिनियमची नळी यांच्यात खारट ओल शिरून पांढरी भुकटी धरते, आणि वर्षभराने एक्सपँडर निघता निघत नाही. त्यासाठी बोल्टच्या आट्यांना आणि शंकूच्या उतारावर अँटीसीझ (आटे अडकू न देणारी पेस्ट) किंवा थोडे ग्रीस लावा. नळीच्या बाहेरच्या अंगाला, जिथे ती भिंत धरते, तिथे मात्र काही लावायचे नाही.

घट्ट करण्याचा क्रमही महत्त्वाचा. सगळे बोल्ट आधी फक्त हाताने लावा. पट्टी कुठेही ओढून-ताणून न बसवता तिच्या नैसर्गिक जागी बसली पाहिजे. मग टोकाचा बोल्ट, मग हँडलवरचा क्लॅम्प, शेवटी क्लॅम्प आणि पट्टी यांना जोडणारा बोल्ट. पट्टीचे भोक आणि क्लॅम्पचे भोक पाच मिमीने चुकत असेल आणि तुम्ही ते जोराने ओढून बोल्ट घुसवला, तर तो ताण पट्टीत कायम राहतो आणि पहिली चीर त्या भोकापाशी जाते. जुळत नसेल तर क्लॅम्प सरकवा, वॉशर टाका. अगदी थोडेसे वाकवणे व्हाइसमध्ये थंडच आणि एकाच दिशेला, एकदाच. गॅसने तापवून वाकवू नका, कडक केलेले अॅल्युमिनियम तापवले की कडकपणा जातो. आधी चुकीचे वाकवले म्हणून उलट वाकवू नका, तिथेच तुटते.

टॉर्कचा आकडा किटच्या कागदावर असेल तर तोच पाळा. नसेल तर एम६ ला ८ ते १० न्यूटन-मीटर आणि पट्टीच्या एम८ ला १८ ते २० ही सर्वसाधारण मर्यादा धरा. एक्सपँडरच्या एम८ ला मी १५ च्या वर जात नाही, कारण त्याचा शंकू अॅल्युमिनियमचा असू शकतो. टॉर्क रेंच नसेल तर साधी एल आकाराची अॅलन की वापरा, आखूड टोक बोल्टमध्ये, लांब दांडा हातात, आणि दांड्याला पाइप लावायचा नाही. साध्या गोल डोक्याच्या एम६ बोल्टला ५ ची की लागते, एम८ ला ६ ची. चपट्या घुमटासारख्या डोक्याचा बोल्ट असेल तर एम६ ला ४ ची आणि एम८ ला ५ ची. या चपट्या डोक्याची खाच उथळ असते, घासलेली की लावली तर पहिल्याच झटक्यात गोल होते.

क्लॅम्पच्या बोल्टना निळे लॉकटाइट (आटे सैल होऊ न देणारा द्रव), २४२ किंवा २४३. लाल नको. पुन्हा काढायचा बोल्ट आहे, आणि लाल लावलेला बोल्ट तापवल्याशिवाय सुटत नाही. तापवायचे कुठे, तर ग्रिप आणि प्लास्टिकच्या डबीशेजारी!

थ्रॉटल

तुमची सर्वांत गंभीर तक्रार ही. उजव्या ग्रिपच्या आत प्लास्टिकची नळी असते आणि ती हँडलवर मोकळी फिरली पाहिजे. गार्ड बसवण्यासाठी ग्रिपच्या टोकाचे रबर, आणि नळीचे टोक बंद असेल तर तेही कापावे लागते. अडकण्याची कारणे ठरलेली आहेत: रबर वेडेवाकडे कापले गेले आणि त्याची कड गार्डच्या टोकाच्या बुशला (गोल कड्याला) घासते, नळी कापताना आतून खरखर राहिली, किंवा नळी आणि बुश यांच्यात फटच ठेवली नाही.

रबर नव्या ब्लेडने, हँडलच्या आतल्या कडेला टेकवून गोल कापा. नळी कापलीत तर बारीक कानशीने आतली-बाहेरची कड साफ करा आणि प्लास्टिकचा भुसा फुंकून नाही, पुसून काढा, नाहीतर तो आत जाऊन बसतो. नळीखालचे हँडल कोरडे आणि गुळगुळीत हवे. तिथे ग्रीस थापू नका, धूळ धरते आणि दोन ट्रिपनंतर घासायच्या पेस्टसारखे काम करते.

फट दीड ते दोन मिमी ठेवा. एटीएम कार्डाची जाडी पाऊण मिमीच्या जराशी वर असते. दोन कार्डे एकत्र धरून नळी आणि बुश यांच्यामध्ये अलगद सरकली पाहिजेत. सरकत नसतील तर थ्रॉटलची डबी एक-दोन मिमी आत घ्या किंवा बुशच्या मागे पातळ वॉशर टाका (आणि बोल्टची लांबी पुन्हा मोजा).

मग तपासणी. इंजिन बंद. हँडल सरळ ठेवून थ्रॉटल पूर्ण पिळा आणि हात सोडा. तो 'टक्' असा आवाज करत स्वतःहून बंद झाला पाहिजे. हँडल पूर्ण डावीकडे वळवून तेच, पूर्ण उजवीकडे वळवून तेच. हात न लावता परतला नाही, तर काम अपुरे आहे, 'चालवताना सुटेल' हा प्रकार नाही. यानंतर इंजिन चालू करा, गाडी न्यूट्रलमध्ये, आणि हँडल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सावकाश वळवा. इंजिनचा आवाज कुठेही चढता कामा नये. चढला, तर गार्ड किंवा क्लॅम्पने थ्रॉटलची केबल ओढली आहे. यू-टर्न घेताना गाडी आपोआप पळते ती यामुळेच.

दोन गोष्टी इथे पुढेही लक्षात ठेवाव्या लागतात. ग्रिप घामाने आणि पावसाने हळूहळू बाहेर सरकते, म्हणून ती चिकटवलेली हवी. आणि उजव्या बाजूला पडल्यावर एक्सपँडर आत ढकलला जातो, दोन मिमीची फट नाहीशी होते आणि थ्रॉटल अडकतो. पडल्यावर गाडी उचलली की स्टार्ट करण्याआधी थ्रॉटल पिळून सोडायचा. अडकला तर टोकाचा बोल्ट दोन फेरे ढिला करा, गार्ड बाहेर ओढा, पुन्हा आवळा. त्यासाठी सीटखाली त्या मापाची अॅलन की असू द्या.

ब्रेकची लिव्हर

क्लच लिव्हर गार्डला टेकली तर क्लच पूर्ण जोडला जात नाही, घसरतो आणि प्लेट जळतात. पैशांचे नुकसान. ब्रेकची लिव्हर टेकली तर गोष्ट वेगळी. मास्टर सिलिंडरमध्ये फ्लुइडच्या टाकीकडे जाणारे एक बारीक भोक असते. लिव्हर पूर्ण बाहेर आली की पिस्टन मागे जातो आणि ते भोक उघडते, लाइनमधला दाब सुटतो. गार्डने लिव्हर तीन-चार मिमी जरी दाबून ठेवली तरी भोक बंद राहते. पॅड डिस्कला घासत राहतात, फ्लुइड तापून फुगते, त्याला टाकीत परतायला वाट नाही, त्यामुळे पॅड आणखी दाबतात. घाट उतरताना पुढचे चाक जाम होईपर्यंत हे वाढू शकते.

म्हणून सोडलेली लिव्हर आणि पट्टी यांच्यात किमान ८ ते १० मिमी अंतर ठेवा. पडल्यावर पट्टी थोडी आत येतेच, ते अंतर त्यासाठी आहे. पट्टीवर प्लास्टिकचा पडदा वेगळा बसत असेल तर त्याचे स्क्रू आतल्या बाजूला किती बाहेर येतात ते पाहा. लिव्हर नेमकी त्या स्क्रूच्या टोकावर अडकलेली पुष्कळदा दिसते. नंतर पुढचे चाक उचलून हाताने फिरवा. ब्रेक दाबून सोडल्यावर ते पहिल्याइतकेच मोकळे फिरले पाहिजे. आणि लिव्हर सोडल्यावर मागचा ब्रेक लाइट विझला पाहिजे, तो पेटलेला राहणे ही लिव्हर पूर्ण परत आली नसल्याची फुकटची खूण आहे.

लिव्हर पूर्ण दाबल्यावर बोटांना काही अडत नाही ना, हे हिवाळी जाड हातमोजे घालून तपासा. बोटांच्या पेरांपासून पट्टीपर्यंत दोन सेंटिमीटर तरी मोकळे हवेत. पट्टीचा कोन बाजूने पाहिल्यावर लिव्हरच्या रेषेत असावा. फार वर उचलली तर पडताना मनगट खालून आत अडकू शकते, फार खाली ठेवली तर लिव्हर उघडी पडते.

बाकीचे, भराभर

हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून गार्ड टाकीला, व्हायझरला किंवा हेडलाइटच्या कव्हरला लागत नाही हे पाहा. हिमालयन ४११ सारख्या उंच काचेच्या गाडीवर पडद्याची वरची कड काचेला लागते. आरसे आड येत असतील तर आरशाच्या दांड्याखाली उंची वाढवणारे तुकडे मिळतात. आट्यांचे माप आणि पिळण्याची दिशा पाहून घ्या, यामाहाच्या उजव्या आरशाला बऱ्याचदा उलटे आटे असतात.

बार-एंडची वजने काढल्यावर एका ठरावीक आरपीएमला करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील, तर टोकावर वजन असलेले गार्ड घ्या किंवा लेथवर पितळेचा अथवा लोखंडाचा जड बुश करून घ्या. मोठा पडदा आणि हायवेचा वेग यांचे फारसे जमत नाही. ताशी ९० च्या पुढे हँडल डोलू लागले तर आधी पडदे काढून पाहा. एप्रिल-मेमध्येही ते काढलेले बरे, ते असले की हाताला वारा लागत नाही. पावसाळ्यात आणि लडाख-स्पितीकडे जाताना परत लावा.

पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट एकदा तपासा. तपासल्यावर बोल्टच्या डोक्यावरून क्लॅम्पवर पेंट मार्करने एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला, पाना लावून पाहायची गरज नाही. पडल्यानंतर हँडल वाकडे वाटले तर लगेच नवे आणू नका. पुढचे चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल उलट दिशेला झटका देऊन पाहा. पुष्कळदा हँडल सरळ असते, फोर्क टीमध्ये (फोर्कचे दोन्ही पाय धरणाऱ्या भागात) फिरलेला असतो. तो टीचे आणि अॅक्सलचे बोल्ट ढिले करून सरळ होतो.

लोखंडी पट्टी

आता उपप्रश्न. पाच मिमी जाडीची माइल्ड स्टीलची पट्टी वाकवून, भोके पाडून, बोल्टने कसली तर गार्ड दिसायला तयार होते. माझे मत त्याविरुद्ध आहे. स्टील अॅल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट जड, आणि ते वजन हँडलच्या दोन टोकांना येते, म्हणजे स्टिअरिंग सुस्त होते. दुसरे म्हणजे, अशी पट्टी पुष्कळदा बोल्टऐवजी हँडलला थेट वेल्ड केली जाते. वेल्डच्या कडेला पातळ नळी कमजोर पडते आणि पुढच्या पडण्यात हँडल तिथून तुटते, वाकत नाही. वाकलेल्या हँडलने घरी येता येते. तिसरे, कापलेल्या पट्टीच्या कडा धारदार राहतात, आणि त्या तुमच्या मनगटाच्या चार सेंटिमीटर पुढे असतात.

स्थानिक कारागिराकडून काम करून घ्यायचेच असेल तर बुश, स्पेसर आणि टोकाचे वजन करून घ्या. लेथवर ती कामे नेमक्या मापात होतात. हँडलचे आतले माप व्हर्नियरने दोन ठिकाणी, एकमेकांना काटकोनात घेऊन द्या. हँडल एकदा पडून आलेले असेल तर टोक गोल राहिलेले नसते.